हिरव्या पट्ट्यातलं डोकं

बेसा, नागपूर
२८ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,

पहिली गोष्ट, कानाची मशीन दुरुस्त करून घे. परवा फोनवर मी तुले वीस मिनिटं गोपीच्या डोक्याबद्दल सांगितलं अन् शेवटी तू म्हणाली, "कोणाच्या म्हशीबद्दल बोलून राहिली वं?" म्हणून आता पत्र. तसंही हॉस्टेलमध्ये असताना तूच मले दर पंधरा दिवसांनी पत्र लिहायले लावत होती, वळण आहेच. पोस्टानं चार दिवस लागतात, म्हणून मामाजींनी तोड काढली. नरखेडहून मुकुंदची संत्र्याची गाडी रोज कळमन्याच्या बाजारात मामाजींच्या अडतीवर येते. त्याच्याजवळ पत्र दे. संध्याकाळी मामाजी घरी आणतात. ते पाकीट उघडत नाहीत, फक्त उजेडासमोर धरून पाहतात.

गोपिका तीन महिन्यांची झाली. डोळे माझे, रंग पियूषचा अन् आवाज मामाजींचा, लिलावातला.

आता म्हशीची गोष्ट, म्हणजे डोक्याची. पियूषनं अन् त्याच्या मोहित नावाच्या दोस्तानं नोकरी सांभाळून एक ॲप बनवलं आहे. नाव ठेवलं 'शिरोमणी'. बाळाचं डोकं बरोबर वाढून राहिलं की नाही, हे फोन सांगते. बाळाच्या डोक्याजवळ एटीएम कार्ड ठेवायचं, म्हणजे फोनले अंदाज येते की काय किती मोठं आहे. वरून एक फोटो, बाजूनं एक. मग एक चक्र गोल गोल फिरते अन् घेराचा आकडा येते. तो हिरव्या पट्ट्यात बसला की पडद्यावर छोटासा हत्ती नाचते. मोहित म्हणते, आईबापाले आनंद झाला पाहिजे.

गोपीले वाटते, कार्ड खायले दिलं आहे. त्यामुळं पाच-सहा फोटो बिघडतात. एकात चाळीस सेंटिमीटर येते, एकात त्रेचाळीस. पियूष म्हणते, "हलली ती. पुन्हा घे." हत्ती नाचेपर्यंत घेत राहायचं. मग तो आकडा पक्का. एक डिसेंबरले मोठ्या हॉटेलात कार्यक्रम आहे, बाहेरगावचे लोक ॲप पाहायले येणार अन् पडद्यावर आपल्या गोपीचा आलेख लागणार. आपल्या घराण्यात आलेख लागलेलं हे पहिलंच डोकं.

मामाजी रोज तिले तळहातावर घेतात, डोळे मिटतात अन् म्हणतात, "माल भरून येऊन राहिला." पियूष चिडते. "बाबा, नात आहे ती. संत्रं नाही."

तुझी,
सोनिका


नरखेड
३१ ऑक्टोबर २०२४

चि. सोनिकास अनेक आशीर्वाद.

कानाची मशीन ठीक आहे. तूच फोनवर म्हशीसारखी ओरडतेस.

मी बत्तीस वर्षं नर्सबाई होते. डोकं मोजायला हत्ती लागत नाही, टेप लागते. सोबत माझी एक पाठवते आहे. शिंप्याची कापडी टेप वापरू नकोस, ती धुऊन धुऊन ताणते आणि खोटं बोलायला शिकते. समोर भुवयांच्या जरा वर, मागे डोक्याचा जो उंचवटा सगळ्यात बाहेर येतो त्यावरून. घट्ट, पण पोर रडणार नाही इतपत. तीनदा मोजायचं. तिन्हींतला मोठा आकडा तारीख घालून लिहायचा. आवडलेला नव्हे, मोठा.

दुसरं म्हणजे, पोर शांत असताना तिला उभं धरून टाळूवर हात ठेव. मऊ आणि सपाट हवी.

मला आकडा कळव. कागदावर, पेनने.

तुझ्या सासऱ्यांना, नत्थूजींना, नमस्कार सांग. ते संत्र्यांचे व्यापारी असले तरी जावयापेक्षा बरं बोलतात. पियूषला आशीर्वाद. हत्तीला नाही.

तुझी आत्या,
शोभा


बेसा
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

तुझी टेप आली त्या दिवशी घरात महाभारत झालं. पियूष टेप दोन बोटांत धरून म्हणाला, "दोन हजार चोवीसमध्ये हे? पोट्टीले ब्लाउज शिवायचं आहे का?" मामाजी म्हणाले, "बापा, तुझ्या मोठ्या काट्यावर विश्वास आहे तं छोट्या काट्यानं तोलून पाहायले काहून भेतं?" झालं. बापलेक दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फराळाच्या डब्याचं झाकण निघेना, तेव्हा बोलले.

काल पियूष कामानं पुण्याले होता. तेव्हा मी मोजलं. ॲपसारखंच आलं, दोन-चार सूत इकडं-तिकडं. झालं तुझं समाधान?

मागच्या आठवड्यात लसीकरणाले गेलो तं तिथली सिस्टर टेप शोधून राहिली होती. पियूषनं फोन दाखवला. तिनं हत्ती पाहिला, हसली अन् फोनवरचा आकडा कार्डावर उतरवून घेतला. बाहेर शंभर पोट्टे रडून राहिले होते, तिचं तरी काय चुकलं म्हणा.

बाकी बाईसाहेब आताशा भल्ल्या लाजाळू झाल्या आहेत. नजर खालीच. बुबुळं अशी खाली बुडतात की वरून पांढरं दिसते. मामाजी म्हणतात, घरंदाज आहे. पियूष म्हणते, ध्यान लावते. मी म्हणते, बापाचं तोंड पाहायचं नसेल. दूध पाजलं की ओकते, तेही साधं नाही, समोरच्या भिंतीपर्यंत. दिवाळीले नवा रंग दिला होता त्याच भिंतीले. अन् लोकरीचं टोपडं पंधरा दिवसांपूर्वी आणलं, ते आता कानाच्या वरच अडते. आजकाल लोकरीचं काही खरं नाही, एका धुण्यात आटते.

तुझ्या त्या जुन्या जाळीच्या स्वेटरचा नमुना आठवते का? किती टाके घालायचे, ते लिहून पाठवजो. कार्यक्रमाच्या दिवशी तिले तोच घालायचा आहे.

तुझी,
सोनिका


नरखेड
११ नोव्हेंबर २०२४

सोने,

आशीर्वाद नंतर.

दोन-चार सूत म्हणजे किती? मी आकडा मागितला होता. ज्याला आकडा लिहायचा नसतो, तो सूत लिहितो. हे मला चांगलं माहीत आहे.

डोळे खाली बुडणं म्हणजे लाज नव्हे. साडेतीन महिन्यांच्या पोरीला लाज नसते, ती कुणाच्याही अंगावर मुतते. भिंतीपर्यंत ओकणं म्हणजे अपचन नव्हे. आणि टोपडं आटलेलं नाही. तू हे तिन्ही लागोपाठ लिहिलंस आणि पुढच्याच ओळीत मला टाके विचारलेस.

डोक्यात पाणी साचत असेल तर असं होतं. असेलच असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर बघून सांगेल. पण उद्या सकाळी उठून

(इथून पुढे दुसऱ्या पेनने लिहिते आहे.)

हे पत्र मुकुंदजवळ द्यायला निघाले होते. उद्या तुला मिळेल. मग पियूष हत्ती नाचवील. मग तुम्ही दोघं मिळून मला समजावणारं पत्र लिहाल आणि त्यात तीन दिवस जातील. मुकुंदला म्हटलं, पत्र राहू दे, मागच्या क्रेट सरकव आणि मला बसव. तो म्हणाला, "आत्याबाई, समोर क्याबिनमध्ये बसा न." चांगला माणूस आहे.

हे पत्र मी तुझ्या हातात देईन. नोंद असावी म्हणून.

शोभा


बेसा
२५ नोव्हेंबर २०२४

आदरणीय आत्याबाई,

साष्टांग नमस्कार. मी पत्र लिहून राहिलो हे पाहून सोनिकाले हसू आलं. दहावीच्या पेपरानंतर पहिल्यांदाच एवढं मराठी हातानं लिहितो आहे, चुका समजून घ्या.

तुम्ही घाईनं गेल्या. ऑपरेशन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तं तुम्ही नाहीत. बाबा म्हणाले, "कळमन्याहून परतीच्या गाडीत बसून गेल्या, रिकाम्या क्रेटसोबत." मले तुमच्याशी बोलायचं होतं. तोंडानं जमलं नसतं, तुमचे कानही तसे अन् माझं तोंडही तसं.

बारा तारखेले सकाळी तुम्ही दारात उभ्या होत्या, लुगड्याले संत्र्याचा वास. मी म्हणालो, "आत्या, आमच्याजवळ तीन महिन्यांचा डेटा आहे." तुम्ही म्हणाल्या, "माझ्याजवळ टेप आहे. बाजूले सरक." तुम्ही तीनदा मोजलं. चव्वेचाळीस पूर्णांक तीन, तिन्ही वेळा. मी तरी फोन काढला, फोटो घेतले. चौथ्या फोटोत एक्केचाळीस आलं, हत्ती नाचला. तुम्ही माझ्या हातून फोन घेतला अन् तांदळाच्या डब्यात टाकला. ऑपरेशन होईपर्यंत तो तिथंच होता. ऑफिसवाल्यांनी मले मेलेला समजलं.

तुम्हाले सगळं माहीतच आहे, तरी लिहितो. लिहिलं नाही तं मी काही दिवसांनी वेगळंच सांगायले लागीन, असं माझं मले वाटते. डॉक्टरबाईंनी टाळूवर मशीन ठेवून पाहिलं अन् तिथंच भरती करून घेतलं. मेंदूतलं पाणी उतरायची वाट अडली होती, ते साचून राहिलं होतं. पंधरा तारखेले नळी बसवली. आता पाणी आतल्या आत पोटात उतरते. त्या म्हणाल्या, वेळेत आणलं. अजून महिनाभर घरी ठेवलं असतं तं, एवढं म्हणून त्या थांबल्या. पुढचं वाक्य मीच रोज पुरं करतो.

आता खरं पत्र.

ऑपरेशननंतर दवाखान्याच्या बाकावर बसून मी फोनमधले टाकून दिलेले सगळे फोटो पाहिले. ॲप ते फेकत नाही, माझ्या अन् सोनिकाच्या दोन्ही फोनवरचे एका कोपऱ्यात जमा ठेवते. मीच तसं बनवलं होतं अन् विसरलो होतो. एकशे बारा फोटो. त्यांतल्या नव्वदांत आकडा हिरव्या पट्ट्याच्या वर होता. तारखेप्रमाणं लावले तं पायऱ्या चढल्यासारखे वर गेलेले. आत्या, ॲप खोटं बोलत नव्हतं. ते बोंबलून बोंबलून सांगून राहिलं होतं अन् मी म्हणत होतो, "हलली ती. पुन्हा घे."

मोहितले वाटते, ॲपची अचूकता वाढवली पाहिजे. मी त्याले म्हटलं, माझी वाढवता येते का पाहा.

अजून एक. त्या एकशे बारांत सात फोटो नऊ नोव्हेंबरचे आहेत. त्या दिवशी मी पुण्याले होतो. मी सोनिकाले विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

बाबा विचारतात, तुमच्याकडं यंदा संत्र्याचा मृग बहार कसा आहे. मी म्हटलं, त्या नर्स होत्या, बागायतदार नाहीत. ते म्हणाले, "तरी विचार. त्यांचा हात बरोबर सांगते."

आपला,
पियूष


नरखेड
३० नोव्हेंबर २०२४

चि. सोनिकास आशीर्वाद.

पियूषचं पत्र मिळालं. 'अचूकता' हा शब्द चुकीचा लिहिला होता, खोडला आणि पुन्हा चुकीचा लिहिला. माणूस सुधारण्यासारखा आहे. त्याच्याशी भांडू नकोस. भांडायचंच असेल तर अंगात ताकद येऊ दे, मग भांड.

मी न सांगता निघाले, कारण तुझ्या घरी सगळे माझ्या पाया पडत होते. नत्थूजी पडले, मोहित पडला, शेजारच्या फ्लॅटमधली कोण ती बाईही पडली, तिचा काही संबंध नव्हता. तू सगळ्यांना सांगत होतीस, आमच्या आत्याने हजारो डोकी मोजली, तिच्या हातून एक चुकलं नाही. मला ते बसून ऐकवेना.

सोने, एक चुकलं. चुकलं हा शब्दही बरोबर नाही.

१९९४ साली मी खैरवाडा उपकेंद्रात होते. गावं सात, पाय दोन. तालुक्याला नवा डॉक्टर आला होता, त्याने रजिस्टरात पोरांच्या डोक्याच्या घेराचा रकाना वाढवला. आम्ही सगळ्या नर्सबायांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नदीपलीकडच्या वस्तीत पार्वताबाई म्हणून होती. तिचा मुलगा जितेंद्र, तेव्हा पाच महिन्यांचा. जुलैत तिकडचा रस्ता चिखलाने गेला. बायका जात होत्या, बैल जात होते. मी नाही गेले. दोन महिने नाही गेले.

मग साहेब रजिस्टर तपासायला येणार असं कळलं. मी अंगणवाडीवालीकडून त्या वस्तीतली कार्डं मागवून घेतली आणि खुर्चीत बसून आकडे भरले. मागच्या महिन्याचा आकडा, अधिक एक. सगळ्या पोरांना सारखं. कार्डं परत पाठवली. साहेबांनी रजिस्टर पाहिलं, म्हणाले, शोभाताई, तुमचं काम बघा कसं नीटस आहे.

तिसऱ्या महिन्यात गेले. जितेंद्र पार्वताबाईच्या मांडीवर होता. मला दारातूनच दिसलं. टेप पिशवीतून काढलीसुद्धा नाही. नागपूरला पाठवला, पण उशीर झाला होता. डोळे गेले होते. दीड वर्षाचा होऊन गेला. पार्वताबाईने मला कधी काही विचारलं नाही. उलट, गाडीत बसवून दिलं म्हणून हात जोडले.

त्यानंतर मी प्रत्येक डोकं तीनदा मोजलं. लोक म्हणाले, काय निष्ठा. तुमचा तो हत्ती मला पाहताक्षणी ओळखू आला, सोने. तो आधी माझ्या रजिस्टरात नाचून गेला आहे.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगितलं, कारण तू माझ्याकडे देवी असल्यासारखी बघत होतीस आणि मला ते नको.

तू काही लिहायचं ठेवलं असशील तर लिही. नसशील तरी चालेल.

आत्या


बेसा
९ डिसेंबर २०२४

आत्या,

तुझं पत्र मी चारदा वाचलं. मग गोपी ओकली. साधी ओकली, खांद्यावर, इतर पोट्ट्यांसारखी. मी एवढी खूश झाली की मामाजी पाहत राहिले.

हाव, ठेवलं होतं लिहायचं. नऊ तारखेले मी तुझ्या टेपनं मोजलं तं त्रेचाळीस पूर्णांक नऊ आलं. पुन्हा मोजलं, तेवढंच. मी टेप उलटून पाहिली, सेंटिमीटरच्या जागी काही दुसरं छापलं आहे का म्हणून. मग मी ॲप काढलं. फोटो घेतले, वर, वर, वर. आठव्या वेळेस मी गोपीच्या डोक्याजवळचं कार्ड जराशा तिरप्या हातानं धरलं. हत्ती नाचला. मी टेपीचा आकडा कुठंच लिहिला नाही अन् दुसऱ्या दिवशी तुले दोन-चार सूत लिहून पाठवले.

भेली होती मी. लिहिलं की खरं होते, असं वाटलं. पियूष निदान बेसावध होता. मी तं डोळे उघडे ठेवून केलं. अन् मग त्याच पत्रात डोळ्यांचं, ओकायचं, टोपड्याचं सगळं लिहून टाकलं, गंमत गंमत करून. आता वाटते, कोणीतरी पकडावं म्हणूनच लिहिलं असेल. की नसेल. मले खरंच माहीत नाही. मी स्वतःले बरं दिसावं म्हणून तसं म्हणून राहिली असीन.

पियूषले काल सांगितलं. तो म्हणाला, "माहीत आहे. सात फोटो." मी म्हटलं, "काहून बोलला नाही?" तो म्हणाला, "माझे एकशे पाच होते." मग आम्ही दोघं रडलो अन् गोपी आमच्याकडं पाहून हसली, निर्लज्ज.

एक तारखेचा कार्यक्रम झाला. पियूष गेला. मोहितनं गोपीचा हिरव्या पट्ट्यातला आलेख तयार ठेवला होता. पियूषनं तो लावलाच नाही. त्यानं एकशे बारा फोटो लावले, एकामागून एक, अन् सांगितलं, "ही माझी मुलगी आहे. हे आकडे आम्ही फेकले." मग जेवायची वेळ झाली म्हणून सगळे उठले. जेवण झणझणीत सावजी होतं, गर्दी झाली. एक बाई तेवढी थांबली. ती म्हणाली, यातलं 'पुन्हा घ्या' हे बटण आधी काढा, मग माझ्याशी बोला. मोहित सहा दिवस पियूषशी बोलला नाही. सातव्या दिवशी आला, गोपीले मांडीवर घेतलं अन् बटण काढायले बसला. हत्तीले पण रजा दिली.

आता तुझं.

आत्या, तू वाट पाहून राहिली असशील की मी लिहीन, जाऊ दे, तू त्यानंतर हजार पोरं वाचवली, गोपीले वाचवलं. मी दोनदा तसं लिहिलं अन् दोनदा कागद फाडला. ते माझ्याजवळ द्यायसारखं नाहीच. गोपी वाचली म्हणून मी तुले जितेंद्र माफ करावा, हे मले जमत नाही. माझ्या मांडीवर पोट्टी आहे, म्हणूनच जमत नाही.

पार्वताबाई आहे का जिती? असली तं जा. मले सांगून काय फायदा? मी तं तेव्हा पहिलीत पण नव्हती.

रागावजो पाहिजे तं. पण जा.

सोनिका

टेप: काल ४४.५. तीनदा मोजलं, मोठा आकडा. डॉक्टरबाई म्हणाल्या, वाढ आता हळू झाली, बरोबर आहे.


नरखेड
७ जानेवारी २०२५

चि. सोनिका,

रागावले. तीन आठवडे रागावले. मग शेजारी विचारू लागले की बाई, तुम्ही भांडी का आपटता. म्हणून गेले.

खैरवाड्याला आता डांबरी रस्ता झाला आहे. नदीवर पूल. पार्वताबाई तिथेच राहते, धाकट्या मुलाकडे. तो आणि सून शेतात गेले होते. ती अंगणात बसून तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत होती. केस पूर्ण पांढरे. मी म्हटलं, "मला ओळखलं का?" ती म्हणाली, "नर्सबाई न? बुढ्या झाल्या."

मी येताना एसटीत सगळं पाठ केलं होतं. ते विसरले. उभ्या उभ्याच सांगितलं. चिखलाचं, खुर्चीचं, कार्डांचं, अधिक एकचं. तिने शेंगा सोलणं थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "मले माहीत होतं."

मला वाटलं, माझी मशीन बिघडली. पुन्हा विचारलं.

"मले माहीत होतं, बाई. तुमी तं दोन महिने आल्याच नव्हत्या. कार्ड परत आलं तं त्याच्यावर आकडा. मी म्हटलं, मोजलं कोणं?"

मी म्हटलं, "मग तुम्ही बोलल्या का नाहीत?"

"कोणाले बोलू? त्या गावाले नर्सबाई एकच. तुमालेच तं बोलाव लागलं असतं."

सोने, मी बत्तीस वर्षांत पुष्कळ ऐकून घेतलं. साहेबांचं, सरपंचांचं, दारुड्या नवऱ्यांचं. हे ऐकून मी खाली बसले, तिच्या अंगणात, मातीत. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिचं 'तुमी' सुटलं. म्हणाली, "तीस वर्सं लागली का वं तुले इथं यायले? येष्टी तं दिवसातून तीनदा येते."

मी म्हटलं, "हो. येते."

तिने माफ केलं म्हटलं नाही. मीही मागितली नाही, तेवढी तरी अक्कल राहिली होती. चहा विचारला नाही. बराच वेळ ती शेंगाच सोलत राहिली. मग जितेंद्रबद्दल बोलू लागली. तो आवाजावरून माणूस ओळखायचा. बैलाच्या घंटेला हसायचा. उन्हात ठेवलं की तोंड उन्हाकडे वळवायचा. दिसत नसूनही ऊन कुठे आहे ते त्याला कळायचं. हे सगळं मी ज्या पोरासाठी रजिस्टरात फक्त एक आकडा लिहिला, त्या पोराबद्दल. मला काहीच माहीत नव्हतं.

दुपारची एसटी हॉर्न देत आली. मी उठायला लागले. पार्वताबाईने शेंगांचं टोपलं माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "सोल."

मी सोलायला बसले. ती गाडी गेली. संध्याकाळचीही गेली. टोपलं मोठं होतं, आणि पार्वताबाईचं सांगून व्हायचं होतं.

तुझी आत्या,
शोभा